मामाचा एसी मसाला

गुंद गावच्या माझ्या मामाला ‘हे होणार नाही’ असं कधी सांगू नका. परवा त्याच्या मुलीला बघायला अणशीहून पाहुणे जेवायला येणार होते आणि नेमकं तारेवर झाड पडून वीज गेली. मिक्सर बंद, कोंबडीचा मसाला अडला. मामानं जीपची बॅटरी काढली, जुन्या अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर तिला उलटा जोडला आणि म्हणाला, "बाराचे दोनशे तीस व्होल्ट होतील बघ."

मी वैतागलो. "मामा, बॅटरीचा करंट डीसी, एकाच दिशेनं जाणारा. ट्रान्सफॉर्मरला एसी लागतो, सारखा पुढं-मागं होणारा. करंट बदलला तर त्यातलं चुंबकत्व बदलतं आणि तेव्हाच पलीकडच्या तारेत वीज उठते."

मिक्सर ढिम्म हलला नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र तापून वास मारायला लागला.

"पुढं-मागंच करायचं न्हवं? मग हातानं करतो की!" मामा बॅटरीवर वायरी उलटसुलट टेकवू लागला.

"सेकंदाला पन्नास वेळा जमेल?" मी ओरडलो, आणि तेवढ्यात करंट तुटताच ट्रान्सफॉर्मरमध्ये उठलेल्या विजेचा त्याला असा झटका बसला की वायरी अंगणात जाऊन पडल्या.

मामी पाटा-वरवंटा घेऊनच बाहेर आली. "हात पुढं-मागं करायची एवढी हौस हाय तर हितं करा. पाहुणे यायच्या आत!"

जेवताना पाहुणे म्हणाले, "मसाला लई झ्याक. मिक्सरचा न्हाई वाटत?"

"न्हाई," खांदा चोळत मामा म्हणाला, "पण एसीवरचाच हाय."