पुरुषांनी बाहेर थांबावे

मिसेस? हो, आहे ना, आतच आहे. मघाशीच गेली. — नाही नाही, पहिली खेप वगैरे तसलं काही नाही, बाळाचं नाही हो मामा, पिशवीचा त्रास आहे तिला. तीन-चार महिने झाले बघा, मधूनच रक्त जातं, ओटीपोटात पीळ पडतो, ऑफिसात खुर्चीवर बसवत नाही. — कुणाला म्हणजे? तिलाच. मला काय धाड भरलीय. — द्या की, तंबाखूला नाही कशाला म्हणायचं. समोर एवढी ठळक पाटी, 'पुरुषांनी बाहेर थांबावे', बाहेर पुरुषांचा बाक, बाकावर आपण दोघं, आणि शेजारच्यानं मळून पुढं केल्यावर चिमूट उचलायची नाही म्हणजे — आहे, सवय आहे. चुना जरा जास्त... नाही, ठसका आहे नुसता. धुळीनं येतो. ह्या नांदे रस्त्याला डंपर किती वाढलेत, डोळ्यांत पाणी आलंय ते पण धुळीनंच. थुंकून येतो जरा.

हां. — काढून टाकावी म्हणता? पिशवी? सगळे तेच म्हणतात. आमच्या उदगीरकडं बाईचं डोकं दुखलं तरी पिशवी काढा म्हणतात. ती पण म्हणते, एकदाची काढून टाका, माझ्या काय कामाची. पण आधी डॉक्टरनं बघायला तर पाहिजे, आणि बघायचं म्हणजे आत जायला पाहिजे — गेलीय ना, तेच म्हणतोय, गेलीय आत. — ती सिस्टर? हो, ती दारात येऊन मलाच बोलवत होती, बरोबर बघितलंत. दोनदा आली. नवऱ्याची सही लागत असेल. मी म्हटलं, पुढच्यांना घ्या, मला घाई नाही. — म्हणजे सहीची घाई नाही. तपासणी चालूच आहे तिची. — तुम्ही फार बारीक बघता हो मामा. शेताला राखण करत होता का? — अच्छा, आता शेत नाही, विकलं. सोसायटी झाली. मग बरोबर, आता राखायला मीच सापडलो.

थांबा, फोन. — तिचाच. सृष्टीचा. — आतून का करेल म्हणजे, करतात हल्ली आतून फोन. हां, बोल गं. — अगं हो, आत्ताच, नंबर यायचाय — हळू बोल ना, माझ्या फोनचा कानातला आवाज गेलाय, स्पीकरवर आहेस तू, शेजारी मामा बसलेत — सृष्टी, ऐक — ठेव. ठेव म्हटलं ना.

ऐकलंत का? 'इंद्या, आत गेलास का अजून बाकावर बसून मर्दानगी दाखवतोयस' — एवढंच ऐकलंत का पुढचं पण? — पुढचं पण. 'तपासणी तुझी आहे, तुझ्या बापाची नाही', हे सुद्धा. बरं. बरंच झालं. औषधाच्या दुकानातल्या पोरानंसुद्धा मान वर करून बघितलं, म्हणजे आता गावात दवंडी द्यायचा खर्च वाचला.

मग आता काय लपवायचं. मिसेस नाहीये, मामा. आत कुणीच गेलेलं नाही. पेशंट मी आहे. — असं बघू नका, दाढी खरी आहे, ओढून बघा हवी तर. इंजेक्शनं घेतो, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, बरीच वर्षं झाली. मी जन्मलो तेव्हा घरच्यांनी बर्फी वाटली, मुलगी झाली म्हणून. आणि मला कळायला लागल्यापासून माहिती होतं की पेढे वाटायला पाहिजे होते. एवढीच चूक झाली, पण ती दुरुस्त करायला माझी निम्मी जिंदगी गेली. वरचं ऑपरेशन केलं, कागदपत्रं बदलली, नाव बदललं. इंद्रजित. मीच ठेवलं. आपलं नाव आपणच ठेवायचं तर साधंसुधं कशाला घ्या, म्हटलं घेऊ चांगलं रणांगणातलं. आणि आता हा इंद्रजित बघा, सकाळपासून बायकांच्या दवाखान्याच्या दारात बूड टेकून बसलाय. — नाही, खालचं तसंच आहे. पिशवी आणि सगळं. भाडेकरू खोली सोडून जाताना जुनं कपाट ठेवून जातो ना, तसं ते सामान राहून गेलं आत. इतकी वर्षं गप होतं. आता वाजायला लागलंय.

सरकलात का? — ऊन आलं म्हणून. हां, आलंय खरं ऊन. मला वाटलं... वाटू दे, मला काय, काहीही वाटतं.

सृष्टी माझी बायको नाही, मैत्रीण आहे. तिच्या घरी पेढे वाटले होते आणि बर्फी पाहिजे होती. — बरोबर, माझ्या उलटं. एका दमात कळलं तुम्हाला, माझ्या सख्ख्या भावाला अजून कळलं नाही. जांब्याला तिच्या खोलीवर रविवारी आमची माणसं जमतात. चहा असतो, कुणी रडतं, कुणी नाचतं, आणि मधल्या वेळात कुणाला कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं ते ठरतं — कोण नीट बोलतं, कोण कपाळाला आठ्या घालतं, कोण तपासायचं सोडून चौकशाच करतं, सगळं सृष्टीच्या तोंडपाठ. ह्या डॉक्टरीणबाई तिनंच शोधल्या, माझ्याबद्दल आधी येऊन सांगून पण गेली. आणि ठरलं काय होतं, तर तिनं साडी नेसून माझी बायको म्हणून यायचं, जोडीनं आत जायचं, म्हणजे कुणाला काही वाटणार नाही. म्हणजे बघा, बायको नटूनथटून खुर्चीत बसणार, आणि पडद्यामागं टेबलावर नवरा. एवढा थाट ठरवला आणि आज सकाळी ती कामाला आहे त्या कॅन्टीनमध्ये कोण साहेब बघायला येणार म्हणून हिची रजा रद्द. मला म्हणाली, एकटा जा, तू काय कुक्कुलं बाळ आहेस का. मी म्हटलं, छे.

आणि सगळ्यात भारी सांगू का — ह्या तपासणीवर मीच भाषण दिलंय. तिथंच, तिच्या खोलीवर. लॅपटॉप नेला, भिंतीवर चित्र पाडलं पिशवीचं, आणि पट्टी घेऊन दाखवतोय, हे बघा हे तोंड, इथं तपासायचं, दुखत नाही, दोन मिनिटांचं काम, ज्याच्याकडं पिशवी आहे त्यानं लाजायचं नाही, संबंध येत असतील तर निरोध वापरायचा, रक्त तपासून घ्यायचं, शरीर आपलं आहे आणि आपलं आपणच बघायचं. असा तोऱ्यात बोलत होतो, जसं काय ते सामान शेजाऱ्याचं आहे. टाळ्या पडल्या. दोघंतिघं तर माझं ऐकून खरंच जाऊन तपासून आले. मी आलो का? मी हिंजवडीला टेस्टर आहे मामा. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात चुका शोधायच्या, त्याचा पगार. आपल्यात बघायचा पगार कुणी देत नाही.

तुम्हाला वाटेल आतली भीती वाटते. नाही. डॉक्टरीणबाई काय खाणार आहेत का. भीती आहे ती ह्या बाकापासून त्या दारापर्यंतची. तुम्ही आलात, हातातली पिशवी ठेवली, बसलात. मला इथं बसायला तीस वर्षं लागली. लग्नात बायकांच्या पंगतीतनं उठलो, एसटीत बायकांच्या सीटवरनं उठलो, देवळात बायकांच्या रांगेतनं उठलो, घरातनं तर उठवलंच. असं उठत उठत ह्या बाकावर आलोय. तुम्ही मघाशी आल्या आल्या म्हणालात ना, 'सरका वो दादा' — लई बरं वाटलं मला. तुम्हाला काय माहीत, तुम्ही नुसतं सरका म्हणालात. आणि आता ती सिस्टर म्हणणार, इथनं उठा आणि बायकांच्या दारानं आत या. आत बाकड्यांवर एवढ्या बायका बसल्यात पोटं घेऊन, त्या बघणार. तुम्ही बघणार. एकदा उठलो तर परत इथं कोण बसू देईल मला, सांगा.

जाऊ द्या. — नाही, रडत नाही, तंबाखू. — मावशीचं आठवलं. थोरली मावशी. शिलाई करायची. घरात मला परकर नेसवायला सगळे टपलेले, आणि हिनं एक दिवस गुपचूप शर्ट शिवला, पोरांसारखी बटणं लावून, म्हणाली, माझ्याकडं आलास की घाल. आलास म्हणाली. पहिल्यांदा कुणी म्हटलं ते. तिला हेच झालं होतं बघा. पाळी जाऊन वर्षं झाली होती आणि परत रक्त सुरू झालं. कुणाला बोलली नाही. डॉक्टर गडीमाणूस, त्याला कसं दाखवायचं. कपडे अंधार पडल्यावर धुवायची. कळलं तेव्हा पार पोटात पसरलं होतं. मी तेव्हा सगळ्या घरावर ओरडलो, म्हटलं, लाजेपायी जीव घालवला बाईनं, लाज काय चाटायची आहे का. आणि आता चार महिने मी काय करतोय, माहितीय? अंधार पडल्यावर धुतोय आणि खोलीत पंख्याखाली वाळवतोय. बाहेर दोरी आहे, पण दोरी घरमालकाच्या खिडकीसमोर. माणूस चांगलाय तो वाल्मीक, पण खोल्या फक्त पोरांना देतो, बाईमाणसाची भानगड नको म्हणतो. त्याला हे कळलं तर माझी बॅग रस्त्यावर...

वाल्मीकच. जांब्याचा. खाली रंगाचं दुकान आहे, वर खोल्या. — तुम्ही कसं काय ओळखता? — व्याही? कुणाचा, तुमचा? म्हणजे आत तुमची सून आहे, शुभांगी म्हणालात, ती वाल्मीकची... — आणि तो येतोय. इथं. लेकीला डबा घेऊन. वा. वा वा. सगळ्या मुळशीत मला हाच बाक सापडला आणि ह्याच बाकावर तोंड उघडायचं सुचलं. नाव, गाव, रंगाचं दुकान, सगळं सांगून मोकळा. पत्ता तेवढा लिहून द्यायचा राहिला.

निघतो मी. गाडी तिकडं लावलीय. पुढच्या आठवड्यात बघू, सृष्टीला घेऊन येतो, साडी नेसवून, नीट सगळं. एवढे महिने थांबलं ते आणखी आठ दिवस थांबेल. तुम्ही फक्त वाल्मीकला काही बोलू नका. म्हणजे बोललात तरी मी काय करणार आहे. तुमचा व्याही आहे, मी कोण, तंबाखू खाऊन ठसकलेला माणूस. येतो.

आली बघा परत. मलाच. — हो, ऐकू आलं, सिस्टर. 'इंद्रजित, पेशंटला पाठवा, मॅडम आता निघतील.' ऐकू आलं. एक मिनिट.

काय म्हणालात, मामा? — 'ऊठ.' — उठलोच आहे की, निघालोच आहे. — 'तिकडं न्हाई, हिकडं.' — अहो पण तो येईल आता, वाल्मीक, डबा घेऊन, मी त्याच दारातनं बाहेर येणार आणि तो विचारणार, हा आत कशाला गेला होता. — तुम्ही सांगणार? काय सांगणार? — 'तपासाया गेलाय, यील आत्ता.' एवढंच? — आणि त्यानं आणखी विचारलं तर? — 'मंग त्याला इचारीन तुला काय करायचंय.'

बरं. — हात कशाला देताय, चालता येतं मला. — असू दे, धरा, गरगरतंय जरा. तुमची तंबाखू फार कडक आहे मामा. — आलो, सिस्टर. — दिसतेय हो मला पाटी, सकाळपासून तीच वाचतोय. पेशंट मीच. मीच इंद्रजित, डॉक्टरांना माहिती आहे. — सोबत कोण? सोबत... ते आहेत. बाहेर बसलेत, बाकावर. मामा आहेत माझे.

मामा, तेवढी माझी जागा जरा — टाकलात का टॉवेल.