नैरोबीची नोकरी

मी नैरोबीला का गेलो नाही, हे तुम्ही दर वेळी उकरून काढता. मग आज ऐकूनच घ्या, चहा गार झाला तरी चालेल.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन आमचं संस्थान नुकतंच खालसा झालं होतं. मी नारायणगुड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, आणि तेच शिकवायला नैरोबीच्या एका शाळेनं बोलावलं होतं. जावं की नाही, या घोरानं मला अन्न गोड लागत नव्हतं. आई सारखी डोळ्यांना पदर लावायची. वडील, म्हणजे आमचे नाना, मात्र ठाम. "जा! इथं राहून नुसतं परेशान व्हायचंय."

नाना कचेरीत पेशकार, साहेबापुढं कागद वाचून मांडणारे; तोवर सगळं कामकाज उर्दूत. त्यांची उर्दू अशी, की मोठमोठे अंमलदार त्यांच्याकडून मजकूर तपासून घ्यायचे. आता मद्रासकडचा नवा साहेब आला होता. त्याला उर्दूचा गंध नाही, सगळा कारभार इंग्रजीत. नाना घरी येऊन गप्प बसायचे. मला वाटायचं, मी जाणार म्हणून बसतात.

एका संध्याकाळी धीर करून म्हणालो, "नाना, ठरलं. जातो मी."

"छान झालं," नाना म्हणाले. आई आत गेल्याचं बघून ते माझ्याजवळ सरकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "जायच्या आधी मला एवढं शिकवून जा. 'साहेब, मला समजलं नाही,' हे इंग्रजीत अदबीनं कसं म्हणायचं रे?"