कोरड्या तोंडाचा चोर

पहिले माझी चूक लिहून घ्या, बाकीचं मंग. मी एका भल्या माणसाले चोर ठरवलं, तेही मोठ्या भरवशानं.

मी वांकिडीकडचा, तवाच्या आंध्राच्या सीमेवरला. घरी कापूस-ज्वारी, बोली मराठी, शाळा तेलुगू, म्हणून पोलिसात लागलो तवा ठाण्यात माझा मान होता. साहेब तेलुगू, लोक मराठी, मधात मी. साहेब म्हणत, तुझ्या लोकायचं खोटं तूच ओळख. आन् मी ओळखत होतो, काय सांगू तुमाले, हकीकत शेवटून सांगाले लावली का कोण अडकते, ते मले बरोबर कळे.

शहाऐंशीच्या आसपास एका गावात एका शेतमालकाच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन चोरीले गेलं. संशय पाच जणांवर. आमच्याकडची जुनी रीत, कोरडे तांदूळ चावाले द्याचे. खोट्याचं तोंड सुकते, त्याचे तांदूळ कोरडेच बाहेर येतात. मी चावडीपुढं पाचही जणांले मूठमूठ तांदूळ दिले. चौघायचे ओले निघाले. त्याच मालकाकडं सालाच्या बोलीवर राबणाऱ्या लक्ष्मण सालदाराचे कोरडे ठक्क. मी ओरडलो, हाच चोर. तो म्हणे, जमादार, लेकराची शपथ, मी नाई नेलं. मी म्हटलं, काऊन खोटं बोलतं लक्ष्मण्या, तुयं तोंडच सांगून राह्यलं. चार दिवस त्यानं ठाण्यात मार खाल्ला. मालकानंही कामावरून काढलं.

महिन्याभरानं इंजिन सापडलं, मालकाच्याच भाच्यानं नदीपलीकडं विकलं होतं. त्या पाचात तोही होता. हसत हसत चावले होते त्यानं तांदूळ, काऊन का मामा बाजूलेच उभा होता. लक्ष्मणाच्या बाजूले कोणी नव्हतं. तांदळाले भीती कळते, चोरी कळत नाई, हे मले तवा समजलं. पुढं नोकरीभर मी कोणाच्या तोंडावरून चोर ठरवला नाई. पहिले पुरावा शोधला, आन् मोठमोठे गुन्हे उघडकीले आणले.

पण लक्ष्मणाकडं जाले आठ वर्षं लागली. लाज आडवी येत होती. गेलो तर त्याची बायको दारातूनच म्हणे, आता काय चावाले आणलं, जमादार? मी माफीचं बोलाले लागलो. लक्ष्मण बाहेर आला, म्हणे, अथी दारात नका बोलू. चोर म्हटलं ते चावडीपुढं म्हटलं होतं.

मंग दोघंही चावडीवर गेलो. पंधरा-वीस लोक बसले होते. मी टोपी काढली, हात जोडले. म्हटलं, ऐका सगळे, इंजिन यायनं नेलं नव्हतं, मी खोटं ठरवलं. लक्ष्मणदादा, तुमचा मी गुन्हेगार आहो. मले माफ करा.