माउथ ऑर्गनवरचा ट्रम्पेट

हसू नका, पण मले अमेरिकेतल्या काळ्या गायकायच्या जुन्या 'सोल' गाण्यायचा नाद हाये. त्यात गायकाच्या ओळीमागं ट्रम्पेटचे जे तुकडे येतात ना, तेवढेच मी माउथ ऑर्गनवर वाजवतो. पिंपळगाव राजाले साळ्याच्या हळदीत सगळे म्हणे, "वाजवा, जावईबापू!"

मी "पॅ-पॅ, पॅरॅ!" वाजवलं अन् थांबलो, कारण पुढची ओळ गायकाची. लोकायनं टाळ्या पिटल्या. पुन्हा वाजवलं, थांबलो, पुन्हा टाळ्या. तिसऱ्या खेपेले सासरे हळूच म्हणे, "विसरले असान तर राहू द्या."

तेवढ्यात शेजारचे रहीमचाचा कडाडले. जन्मभर वरातीत ट्रम्पेट वाजवलेला माणूस. समोरचे दात पडले अन् वाजवणं सुटलं. "टाळ्या काऊन पिटता बे? गाणारा गाऊन राह्यला, ऐका ना!"

गाणारा तर कोणीच नव्हता. पण चाचाची तीन बोटं ट्रम्पेटच्या कळा दाबल्यासारखी मांडीवर हलत होती, अन् माझ्या तुकड्याची जागा आली की बरोबर मान डोलत होती.

मी माउथ ऑर्गन पुसला अन् त्यायच्या हातात देल्ला. "चाचा, याले दात नाही लागत."

त्यायनं चाचपत सूर शोधला. "पॅ-पॅ, पॅरॅ!" वाजवलं अन् थांबले. मंडप चूप. चाचा माझ्याकडं पाहून म्हणे, "आता गा ना बे!"