दवंडीचा दिवस

गावोगावच्या विहिरी सगळ्यांना खुल्या करण्यात वत्सलाताईंची वीस वर्षं गेली होती. यंदा त्या कुणालाच न कळवता पाहणीला निघाल्या होत्या. चाकणच्या मोटारस्टँडवर त्यांच्या पाठीमागे दोन बायका बोलत बसल्या होत्या.

"कुशाबाई, तुमच्या गावची विहीर वत्सलाताईंनी खुली केली म्हणं."

"केली की. दरसाल बघायला बी येत्यात."

"मग वड्याचं गढूळ पानी का पिता गं?"

"ताई यायच्या असल्या की आदल्या दिशी दवंडी पिटत्यात. उद्या महारवाड्यानं विहिरीवर यायचं."

"आन् त्या गेल्यावर?"

"विहीर बाटली म्हणून सगळं पानी उपसून टाकत्यात."

ताईंना मागं वळून बघवेना.

"आगं, मग त्यांच्या कानावर घाल की."

"घातलं तर त्या भांडतील, आन् गाव दवंडीच बंद करंल. वर्सातनं एक दिस पोरं गोड पानी पित्यात, भागूबाई. त्ये बी जाईल."

मोटार आली. ताई उठून वळल्या. कुशाबाईनं त्यांना ओळखलं आणि डोईवरचा पदर सावरला.

"ताई, गावाला कळवलं न्हाई व्हय तुमी?" ती हळूच म्हणाली. "आवंदा दवंडी झाली न्हाई."