घर क्रमांक ३१ च्या गॅरेजच्या दाराबाबत

ठिकाण : शेरीफ ठाणे, पालो सेको, अॅरिझोना. तारीख १७ जून, मंगळवार. लिहायला सुरुवात सायंकाळी ५.५०.

माझं नाव कोल्बी ट्रॅस्क, वय २३ वर्षे, शिक्षण अकरावी अर्धवट, धंदा मिळेल ते काम, सध्या ऑर्विल डेकर (वय ८१) यांची घरी देखभाल. कायमचा पत्ता नाही. गेले आठ महिने राहणार घर क्र. ३१, ऑकोटिलो टेरेस वसाहत. मला आज ठाण्यात आणलं आहे आणि डेप्युटी मारिसोल येबारा मॅडम यांच्यासमोर मी स्वतःच्या हाताने लिहून देतो की,

घर क्र. १२, १४, १५ आणि १८ यांच्या गॅरेजची दारं मी चाक काढायच्या टॉमीने उचकटली. कबूल आहे. त्यावर जास्त कागद घालवू नये. ऑर्विल डेकर दुपारी अडीचपासून सापडत नाहीत. त्यांना काही आठवत नाही असा आजार आहे. ते वसाहतीतल्या कुठल्यातरी बंद गॅरेजात आहेत असं माझं म्हणणं आहे. बाहेर पारा एकशे बारा फॅरनहाइटवर आहे, म्हणजे नळाचा पाइप हातात धरवत नाही इतकं तापलंय. बंद गॅरेजात किती होतं ते मला माहीत नाही. मी हे तोंडी सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "तू पहिल्यापासून लिही बाबा. दारं फोडणाऱ्याच्या नुसत्या बोलण्यावर मी दोनशे घरं उघडायला लावू शकत नाही." म्हणून पहिल्यापासून लिहितो, पण भरभर.

मी ऑक्टोबरात माझी व्हॅन घेऊन दक्षिणेकडे चाललो होतो. वसाहतीच्या फाटकाशी पंख्याचा पट्टा तुटला. ऑर्विल तेव्हा फिरायला निघाले होते. त्यांना बायकोचं नाव दिवसातून दोनदा आठवायचं नाही, पण बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "गड्या, पट्टा तुटला नाही, तू मारलास. उलटा बसवला होतास." चाळीस वर्षं नेब्रास्कात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्यांची बायको विल्मा डेकर, वय ७८. त्यांनी मला टोमॅटोचं सूप आणि चीज सँडविच दिलं आणि विचारलं, "कुठे पोहोचायची घाई आहे का रे तुला?" मला कधीच नसते. घरात झोपायची खोली एकच. व्हॅन रस्त्यावर ठेवायला वसाहतीच्या असोसिएशनची बंदी, म्हणून व्हॅन गॅरेजात आणि मी व्हॅनमध्ये झोपायचो. ऑर्विलना आंघोळ घालणं, दाढी करणं, औषधं देणं ही कामं मी करत होतो.

जानेवारीत असोसिएशनच्या तपासनीस राँडा केसलर यांना गॅरेजच्या बेसिनवर माझा टूथब्रश दिसला. एक फेब्रुवारीपासून नवा नियम आला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते दुपारी चार, प्रत्येक घराच्या गॅरेजचं मोठं दार उघडं पाहिजे, म्हणजे आत कोणी राहत नाही हे रस्त्यावरून दिसेल. चारनंतर बंद पाहिजे, म्हणजे वसाहत बरी दिसेल. उन्हाळ्यात अर्धे मालक उत्तरेला असतात, त्यांचे रिमोट ऑफिसात एका पेटीत ठेवतात आणि राँडाबाई छोट्या गाडीतून फेरी मारत दारं उघडतात, मिटतात. मी त्या दिवसापासून हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो. हा नियम माझ्यामुळे झाला. असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आमच्या घराची अडचण अशी की पुढच्या दाराचं कुलूप ऑर्विलना उघडता येत नाही, पण घरातून गॅरेजात जायच्या दाराला नुसती वरची कडी आहे, तीही आतून. पुढच्या दाराची किल्ली फक्त विल्माबाईंकडे असते, म्हणून माझी ये-जा गॅरेजातूनच, आणि मी बाहेर पडलो की आतून कडी घालायला कोणी नसतं. विल्माबाईंचा खांदा निखळलेला आहे, हात तिथवर जात नाही. पूर्वी मोठं दार बंद असायचं. ऑर्विल गॅरेजपर्यंत यायचे, नटबोल्ट चिवडायचे, परत आत जायचे. विल्माबाई असोसिएशनच्या कमिटीच्या मीटिंगला गेल्या. मी मागे उभा होतो. म्हणाल्या, "ते दार बंद असतं म्हणून मला आंघोळ तरी करता येते हो." अध्यक्ष गॅरी पुलियम म्हणाले, "विल्मा, वाईट आम्हालाही वाटतं. पण तुला सूट दिली की दोनशे बारा घरांना द्यावी लागेल." मागून कोणीतरी म्हणालं, "गळ्यात घंटा बांध त्याच्या!" लोक हसले. पुलियम हसले नाहीत, हेही खरं म्हणून लिहितो.

आजचं. दुपारी २.२५ ला विल्माबाई डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडल्या होत्या. त्यांचे डोळ्यांचे थेंब टपालाने यायचे होते. टपालपेट्या सगळ्या फाटकाजवळ आहेत. ऑर्विल टेबलापाशी नटबोल्ट लहान-मोठे लावत होते. मी म्हणालो, "पाच मिनिटांत येतो." ते म्हणाले, "येताना अर्ध्या इंची पाना आण." मी हो म्हणालो. टपालपेटीपाशी ऑरेगनच्या नंबराची एक व्हॅन होती, माझ्यासारखीच, फक्त वर पत्र्याचा माळा केलेला. त्या माणसाने तो माळा कसा बसवला ते मी बघत राहिलो. समुद्राकडे जायचा एक रस्ता आहे, त्यावर म्हणे कुठेही गाडी लावा कोणी हटकत नाही. मॅडम म्हणाल्या, "ऑरेगन राहू दे. किती वेळ?" अर्धा तास. २.५५ ला मी घरी आलो. खुर्ची रिकामी होती. आतलं दार उघडं होतं. मोठं दार नियमाप्रमाणे उघडं होतं. ते सकाळी आठला मीच उघडलं होतं.

मी रस्ते पाहिले, पोहण्याचा तलाव पाहिला, फाटक पाहिलं. ३.१५ ला ठाण्याला फोन केला. ३.४० ला त्यांची टोपी वसाहतीमागच्या कोरड्या ओढ्याच्या काठी सापडली. तेव्हापासून शोधणारी सगळी माणसं ओढ्यात आहेत. ती टोपी गुरुवारी वाऱ्याने उडाली होती, हे मी तिथल्या दोघांना सांगितलं. एक जण म्हणाला, "बरं बरं, तू जरा बाजूला हो."

चार वाजता मी साग्वारो गल्लीच्या टोकाला उभा होतो. एकेक करत सगळी दारं खाली यायला लागली. तो आवाज रोजचाच आहे. आज तो ऐकून मला कळलं की दिवसभर दोनशे गॅरेजं उघडी होती, मी ती फक्त रस्त्यावरून पाहिली, आणि उन्हातून पाहिलं तर आत काळोखाशिवाय काही दिसत नाही.

मी ऑफिसात पळत गेलो. राँडाबाई फेरी संपवून आल्या होत्या, पुलियमही होते. मी म्हणालो, "सगळी दारं उघडा. एकदा फक्त. मी बघतो, तुम्ही मिटा." पुलियम म्हणाले, "मालक नसताना त्याचं गॅरेज उघडायचं तर त्याची लेखी परवानगी आणि बहात्तर तासांची सूचना लागते. तूच चोर म्हणून आत शिरलास तर मी कोणाला तोंड देऊ?" मी म्हणालो, "रोज उघडता की!" ते म्हणाले, "ते नियमाने उघडतो." राँडाबाईंचा हात पेटीवर होता. त्या म्हणाल्या, "गॅरी, एक फेरी मारून येऊ का?" ते म्हणाले, "ओढ्यात शोधतायत ना पोलिस? त्यांचं काम त्यांना करू दे." मग मी व्हॅनमधून टॉमी काढली. फाटकाकडून ओळीने, मालक नसलेली घरं धरत सुरुवात केली, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. चार दारं झाली. चारीत नव्हते. पाचव्याला मला धरलं. विल्माबाई तेव्हा रस्त्यात घरच्या सपाता घालून उभ्या होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "थांबू नकोस रे." पण हात मागे बांधलेले होते.

आता मॅडमनी विचारलं, "दुसऱ्याच्या गॅरेजात ते कशाला शिरतील? स्वतःच्या घरी का नाही परत येणार?" त्याचं उत्तर लिहितो.

वसाहतीतली सगळी घरं एका रंगाची आहेत, वाळूच्या. नियम आहे. ऑर्विलना घर ओळखू यावं म्हणून विल्माबाईंनी तीन वर्षांपूर्वी गॅरेजातून घरात जायचं आतलं दार निळं रंगवलं होतं. गडद निळं, नेब्रास्कातल्या त्यांच्या घराला होतं तसं. "निळं दार दिसलं की आत ये, जोडे काढ," एवढंच त्यांनी ऑर्विलना शिकवलं होतं, आणि तेवढं राहिलं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते दोनतीनदा बाहेर गेले आणि आपले आपण परत आले, कारण मोठं दार उघडं असलं की निळं दार रस्त्यावरून दिसायचं. पण ते राँडाबाईंनाही दिसायचं. एप्रिलमध्ये नोटीस आली. मोठं दार उघडं असताना रस्त्यावरून जे दिसेल ते मंजूर रंगाचं पाहिजे. दंड नको म्हणून मी रंगवायला घेतलं. निळ्यावर वाळूचा रंग बसेना. तीन हात दिले तरी खालून निळं डोकावायचं. मग तो वाळूचा रंग खरवडून काढला आणि शेवटी दारच बदललं. नवं मंजूर रंगाचं बसवलं. जुन्याच्या बिजागऱ्या मी ठेवून घेतल्या, पितळी होत्या, खिशात असतात, बोटांना चाळा म्हणून. जुनं दार टाकवेना. ते लॉरेन होक यांना दिलं, घर क्र. ५७, मागची गल्ली. त्या मातीची भांडी करतात. सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ते आडवं टाकून त्यावर काम करायच्या. मे महिन्यात त्या मिनेसोटाला गेल्या. जाताना त्यांना मी सामान आवरू लागलो, तेव्हा ते दार आम्ही उचलून मागच्या भिंतीला उभं

(लेखन येथे थांबले. वेळ ६.२२. — डेप्युटी एम. येबारा)

पुढचं ८.१० ला लिहायला घेतलं. मॅडम म्हणाल्या, सकाळी लिही. मी म्हणालो, आत्ताच.

मी उठलो तेव्हा खुर्ची पडली, ती मुद्दाम पाडली नाही. मॅडमनी गाडीतूनच बिनतारीवर ५७ नंबर सांगितला. आम्ही ६.३१ ला पोहोचलो. राँडाबाई रिमोटची अख्खी पेटी घेऊन आधीच दारात उभ्या होत्या. त्यांना ५७ चा रिमोट सापडेना, सगळे एकसारखे आहेत. मॅडमनी पेटी जमिनीवर ओतली आणि दोघींनी मिळून शोधला. दार वर जायला अकरा सेकंद लागतात. राँडाबाई मध्येच म्हणाल्या, "चारला मीच मिटलं. गाडीतून उतरलेसुद्धा नाही." त्यांचं म्हणणं मॅडमनी वेगळ्या कागदावर घेतलं आहे.

रस्त्यावरून आत काही दिसत नव्हतं. मागच्या बाजूला भट्टीचं मोठं खोकं आहे, त्याच्या आड निळं दार भिंतीला उभं होतं. रस्त्यावरून त्याची एक पट्टी दिसते, वीतभर. आजपर्यंत राँडाबाईंना ती दिसली नव्हती.

ऑर्विल डेकर त्या दारासमोर जमिनीवर बसलेले होते. डोकं दाराला टेकलेलं होतं. जोडे काढून बाजूला लावलेले होते, दोन्हीची तोंडं भिंतीकडे. मोजे जोड्यात खोचलेले होते. उजव्या हाताची बोटं सोललेली होती. दारावर त्यांच्या खांद्याच्या उंचीला आणि त्याखाली डाग होते. दाराला मूठ नाही, ती मीच काढली होती. मागे भिंत आहे.

श्वास चालू होता. मी हाक मारली, त्यांनी डोळे उघडले नाहीत. मॅडमनी त्यांच्या मानेला आणि काखेत ओली फडकी लावली. मी पाय धरून होतो. अँब्युलन्समध्ये घालताना ते काहीतरी म्हणाले, मी आणि मॅडम दोघांनी ऐकलं. ते म्हणाले, "विल्मा दार उघडत नाहीये." विल्माबाई त्यांच्या उशाशीच बसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उघडलं रे. उघडलं बघ." डॉक्टर म्हणतात सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

मला विचारलं, कोणाविरुद्ध तक्रार आहे का. कमिटीच्या नियमांचं पुस्तक एकशे चाळीस पानांचं आहे, ते मी पूर्ण वाचलेलं नाही. त्यात म्हाताऱ्याला डांबावं असं कुठे लिहिलेलं नसणार. मोठं दार मी उघडलं. निळं दार मी काढलं. अर्धा तास मी दुसऱ्याच्या व्हॅनचा माळा बघत होतो. बाकीचं मॅडमनी ठरवावं.

घर क्र. ३१ च्या गॅरेजचं दार आत्ता उघडं आहे आणि आतला दिवा चालू आहे. चारनंतर उघडं ठेवायला मनाई आहे हे मला माहीत आहे. मी ते मुद्दाम तसं ठेवून आलो. नोटीस काढायची असेल तर माझ्या नावाने काढावी, विल्माबाईंच्या नको. मी पत्ता सोडून जाणार नाही.

माझ्याकडून जप्त केलेल्या वस्तू : टॉमी एक, चाकू एक, पितळी बिजागऱ्या तीन. टॉमी आणि चाकू ठेवून घ्यावेत. लॉरेनबाईंशी फोनवर बोललो, त्या दार परत देतात. बिजागऱ्या मला आज रात्रीच लागतील.

हे सगळं येबारा मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्या थांबल्या, माझं अक्षर लागत नव्हतं म्हणाल्या. मी लिहिलं तेच कागदावर आहे, खरं आहे, कोणी भाग पाडून लिहून घेतलेलं नाही.

सही : कोल्बी ट्रॅस्क. वेळ ८.५५.

शेरा : बिजागऱ्या, नग तीन, ९.०० वाजता परत दिल्या. स्क्रू कमी होते, ते ठाण्याच्या कपाटातून दिले. — एम. येबारा