रस्ता ओलांडायची तिरडी

तुमाला खोटं वाटंल, पर नळदुर्गात हायवे रुंद झाल्यापासनं समोरच्या दत्तूकडं चहाला जायचं म्हंजे जिवाशी खेळ. गाड्या कुणासाठी थांबतच न्हाईत. पर मयताला थांबतात! मग काय, चार दोस्त पटवले अन् म्याच तिरडीवर निजलो. ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवून हात जोडले. पलीकडं दत्तूनं माझं तोंड बघितलं अन् मटकन खालीच बसला.

म्या उठून म्हणलं, "रडतो काय येड्या, चहा टाक!"

मग मागं वळून बघितलं. तिरडीमागनं अर्धी गल्ली रस्ता ओलांडून आलती. दवाखान्याची पिशवी सावरत शेजारची सखूकाकू म्हणली, "तात्या, माघारी जायला कधी मरताय?"